गोळी मोठ्या आतड्यात पोचते, पण कॅन्सर तिथेच थांबलेला असतो का?

मागच्या अंकात केमोच्या गोळ्यांवर एक छोटं उत्तर दिलं होतं, त्यात 'मोठ्या आतड्यात जाऊनच उघडणाऱ्या गोळ्याही असतात' असं एक वाक्य ओघात लिहून गेले, आणि बहुतेक सगळी पत्रं, मेसेज त्या एका वाक्यावरच आलेत. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत. मी फार्मसी शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कमीजास्त करायचं वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, इथलं वाचून करायचं नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचं (वय ६३) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्टेज ३ सांगितलीय. आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि मधूनमधून सलाईनमधून ऑक्झालिप्लाटिन चालू आहे. जुलाब, तोंड येणं, थकवा, सगळं सुरू झालंय. माझा भाचा बी.फार्मला आहे, तो म्हणतो की 'कोलन टार्गेटेड' गोळ्या असतात, औषध फक्त मोठ्या आतड्यात सुटतं, बाकी शरीराला त्रासच नाही. मग आमच्या डॉक्टरांनी त्या का दिल्या नाहीत? — एक वाचक, सातारा

दादा, भाचा खोटं सांगत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

आधी त्याचं खरं असलेलं अर्धं बघू. तोंडातून घेतलेली गोळी जठर, मग लहान आतडं असा प्रवास करत मोठ्या आतड्यात जाते, आणि वाटेत सगळीकडे तिला विरघळवायला काही ना काही टपलेलं असतंच. जठरात कडक ॲसिड, पीएच १ ते ३ च्या आसपास (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड कडक). लहान आतड्यात शिरलं की ते ॲसिड उतरतं, पीएच ६ च्या घरात जातो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ७ च्या वर चढतो. गंमत अशी की त्यापुढे मोठं आतडं सुरू झालं की पीएच परत खाली येतो, कारण तिथले जीवाणू आपल्या जेवणातला न पचलेला चोथा आंबवून ॲसिडं तयार करत बसलेले असतात. तर औषध कंपन्यांनी काय केलं, गोळीवर असं कोटिंग चढवलं जे पीएच ७ च्या वर गेल्याशिवाय विरघळतच नाही. युड्रॅजिट एस नावाचं पॉलिमर यासाठी सगळ्यात जास्त वापरतात. म्हणजे जठरातून गोळी अख्खी जाते, लहान आतड्यातून जवळजवळ अख्खी जाते आणि शेवटाला जाऊन फुटते.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, ती जीवाणूंवरच काम सोपवायची. जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला जीवाणू अगदी कमी, आणि मोठ्या आतड्यात एका ग्रॅममध्ये अब्जावधी. मग औषध अशा बंधनात बांधायचं की जे फक्त या जीवाणूंनाच तोडता येतं. हे काही कालपरवाचं नाही बरं का. स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास सांधेदुखीसाठी सल्फासालाझिन वापरायला घेतलं, आणि ते आतड्याच्या सुजेवर, अल्सरेटिव्ह कोलायटिसवर चालतंय असं लक्षात आलं. ते का चालतं ते कळायला मात्र १९७७ उजाडलं. ऑक्सफर्डमध्ये काम करत असलेले बांगलादेशचे डॉक्टर आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाचे दोन तुकडे वेगवेगळे करून पेशंटना एनिमातून दिले आणि दाखवलं की खरं काम ५-एएसए नावाचा तुकडा करतो, दुसरा तुकडा त्याला नुसता मोठ्या आतड्यापर्यंत पोचवतो आणि बरेचसे साइड इफेक्ट तेवढे आपल्या नावावर घेतो. मग त्या ५-एएसएलाच वर सांगितलेलं कोटिंग चढवून मेसालामिनच्या गोळ्या आल्या, ज्या आज आपल्याकडे कुठल्याही बऱ्या मेडिकलमध्ये मिळतात.

म्हणजे मोठ्या आतड्यापर्यंत गोळी पोचवणं हे काम कधीच झालंय. तरी कॅन्सरचं औषध तसं देत नाहीत, ते का?

कारण तुमच्या वडिलांच्या पोटातली गाठ आता पोटात नाहीये. ती सर्जननी काढली. स्टेज ३ म्हणजे गाठीजवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत, ज्याला आपण लिम्फ नोड म्हणतो, तिथपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या सापडल्या. तिथवर पोचलेल्या पेशींतल्या दोनचार रक्तातून लिव्हरला, फुप्फुसाला जाऊन बसलेल्या असू शकतात, स्कॅनमध्ये दिसणार नाहीत इतक्या बारीक. आत्ताची केमो चाललीय ती त्या पेशींसाठी. औषध फक्त मोठ्या आतड्यात सोडलं तर पत्र बरोबर पत्त्यावर पडलं पण माणूस केव्हाच घर बदलून गेलेला, अशी गत होईल. कोलायटिसमध्ये तसं नसतं, तिथे सूज आतड्याच्या आतल्या अस्तरालाच असते, म्हणून तिथे ही युक्ती इतकी चपखल बसते.

आणि समजा गाठ काढलेली नाही, आतच आहे, तरी अडचणी आहेतच. औषध आतड्याच्या पोकळीत सुटलं की ते गाठीच्या वरच्या थरालाच लागणार, खोल गेलेल्या भागाला नाही. शेजारच्या निरोगी अस्तरालाही तेवढंच भाजणार. उजव्या बाजूला मल पातळ असतो, डाव्या बाजूला येईपर्यंत घट्ट होतो, मग घट्ट मलात औषध सगळीकडे सारखं मिसळणार कसं? गाठीने वाट अरुंद केली असेल तर गोळी तिथेच अडकून बसायची भीती वेगळीच. म्हणून केमोच्या औषधाची अशी कोलनमध्ये फुटणारी गोळी कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात नाहीये. तुमच्या डॉक्टरांनी काहीही लपवलेलं नाही.

आता वडील जे घेतायत त्या कॅपेसिटाबिनबद्दल, कारण मला वाटतं भाच्याने टार्गेटेडची खरी करामत तिथे बघायला पाहिजे. मूळ औषध फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, सगळे फाइव्ह-एफयू म्हणतात, १९५७ पासूनचं, अमेरिकेत विस्कॉन्सिनला चार्ल्स हायडलबर्गर यांनी आणलेलं. ते तोंडातून दिलं तर आतडं आणि लिव्हर त्यातलं बरंचसं मोडून टाकतात आणि तेही प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे एकाला कमी पडणार, दुसऱ्याला जास्त होणार, म्हणून ते शिरेतूनच द्यावं लागतं. कॅपेसिटाबिन हे त्याचं झाकलेलं रूप, जपानमध्ये रोश कंपनीच्या लॅबमध्ये बनवलेलं. त्यावर कोलनचं कोटिंगबिटिंग काही नाही. ते सरळ लहान आतड्यातून रक्तात जातं, लिव्हरमध्ये पहिली पायरी उतरतं, मग दुसरी लिव्हरमध्ये आणि गाठीत, आणि शेवटची पायरी, जिथे खरं फाइव्ह-एफयू तयार होतं, ती थायमिडिन फॉस्फोरिलेझ नावाच्या एन्झाइमकडून, जे बऱ्याच गाठींमध्ये शेजारच्या पेशींपेक्षा जास्त असतं. ऑपरेशनच्या आधी काही पेशंटना कॅपेसिटाबिन देऊन मग काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा गाठीत फाइव्ह-एफयू शेजारच्या निरोगी भागापेक्षा सरासरी ३.२ पट सापडलं होतं. ३.२ पट म्हणजे पूर्ण सुटका नव्हे हेही तुम्हाला दिसतंयच, निरोगी पेशींना थोडं मिळतंच आणि म्हणून जुलाब, तोंड येणं. पण रक्तातून फिरत असल्यामुळे ते लिव्हरपर्यंत, फुप्फुसापर्यंत सगळीकडे जातं, आणि आपल्याला तेच हवंय. स्टेज ३ च्या जवळपास २,००० पेशंटवर झालेल्या आणि २००५ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये या गोळ्या तेव्हाच्या शिरेतल्या फाइव्ह-एफयूच्या तोडीस तोड ठरल्या.

जुलाबांचं मात्र गंभीरपणे घ्या. रोजच्यापेक्षा ४ किंवा जास्त वेळा जादा जावं लागतंय, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी हॉस्पिटलला फोन करायचा, 'सायकल (म्हणजे केमोचा एक ठरलेला फेरा) पूर्ण करूया, दोनच दिवस राहिलेत' असं करायचं नाही. काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना पहिल्याच सायकलमध्ये नेहमीचा डोससुद्धा विषासारखा चढतो. युरोपात २०२० पासून हे औषध सुरू करण्याआधी ती तपासणी करा असं तिथल्या औषध नियामकांनी सांगितलंय. आपल्याकडे ती सरसकट होत नाही, पण डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : सासूबाईंना मोठी गोळी गिळता येत नाही. खलबत्त्यात कुटून शिऱ्यात घालून दिली तर चालेल का? गोळी कॅपेसिटाबिन ५०० ची आहे. — इचलकरंजी

नाही हो ताई, अजिबात नाही. कुटताना जी पूड उडते ती केमोचंच औषध आहे, ते तुमच्या श्वासात जाणार, खलबत्त्यात राहणार आणि उद्या त्यात लसूण कुटला की घरातल्या सगळ्यांच्या पोटात जाणार. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हातच लावायचा नाही. तुम्ही स्वतः काढून देत असाल तर ग्लोव्हज घाला, नाहीतर गोळी पाकिटातून सरळ वाटीच्या झाकणात पाडा आणि नंतर साबणाने हात धुवा. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर, दोन डोसमध्ये साधारण १२ तास. आणि गिळता येत नाही हे ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, बारीक १५० च्या गोळ्यांत डोस बसवता येतो का ते ते बघतील. पुष्कळ लोक हे सांगायला लाजतात आणि घरी कुटत बसतात.

प्रश्न : मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, अकरा वर्षं झाली. मेसालामिन चालू आहे. परवा शौचाला झालं तर गोळी जशीच्या तशी बाहेर पडलेली दिसली, विटकरी रंगाची, अख्खी. म्हणजे इतके दिवस औषध लागलंच नाही का? आणि याचा पुढे कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का? — ठाणे

एकदा दिसलं तर घाबरू नका. काही वेळा आतलं औषध निघून गेलेलं असतं आणि नुसतं टरफल बाहेर येतं. एक करून बघा, किळस वाटेल पण काठीने दाबून बघा, टरफल असेल तर लगेच चेपतं, आत पोकळ निघतं. टणक आणि भरलेली निघाली आणि वारंवार निघत असेल तर मग खरंच प्रॉब्लेम आहे.

तो प्रॉब्लेम कुठून येतो ते वर सातारच्या उत्तरात लिहिलेल्या पीएचमध्येच आहे. पुस्तकात ७ च्या वर लिहिलेलं असलं तरी प्रत्येकाचं आतडं पुस्तक वाचून चालत नाही, काहींचा पीएच ७ ला पोचतच नाही किंवा पोचतो पण थोडाच वेळ टिकतो. जुलाब जोरात असतील तर गोळी इतक्या घाईत निघून जाते की कोटिंगला फुटायला वेळच मिळत नाही. आणि नेमकं आजार उसळलेला असतो तेव्हाच जुलाब जास्त, म्हणजे औषधाची गरज सर्वात जास्त तेव्हाच ते हुकायची शक्यताही सर्वात जास्त, ही या कोटिंगची मोठी उणीव आहे आणि ती कंपन्यांनाही चांगली माहितीये. यावर उपाय असतो, वेगळ्या धाटणीची गोळी, सॅशेतले दाणे, किंवा आजार खालच्या भागात असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) नाहीतर एनिमा. आपल्याकडे एनिमा म्हटलं की लोक तोंड फिरवतात, पण गुदाशयाच्या आजाराला सगळ्यात टार्गेटेड औषध तेच आहे, उगाच वरून तीस फूट फिरवून आणायचं कशाला.

कॅन्सरचं विचारलंत ते खरं आहे, कोलायटिस बरीच वर्षं राहिला आणि मोठ्या आतड्याचा बराचसा भाग धरलेला असला तर धोका वाढतो. म्हणूनच साधारण ८ वर्षांनंतर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करतात. तुमची अकरा झालीत. झाली नसेल तर आता अपॉइंटमेंट घ्या.

(ज्यांना इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतडं पोटावर काढून पिशवी लावलेली, त्यांनीही हे वाचा. मोठ्या आतड्यात फुटणाऱ्या गोळ्या तुमच्या पिशवीत अख्ख्या पडू शकतात, कारण मोठं आतडं वाटेत येतच नाही. नवीन गोळी लिहून दिली की मेडिकलवाल्याला 'मला पिशवी आहे' हे सांगायची सवय ठेवा.)

प्रश्न : कॅपेसिटाबिनमुळे तळहात-तळपाय लाल, सोलल्यासारखे, चपाती लाटायला बसलं की आग होते. मेंदी लावली तर थंड वाटेल का? — नागपूर

याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. मेंदीबद्दल तुर्कस्तानच्या डॉक्टरांनी मोजक्या पेशंटवर बघितलं होतं, बरं वाटलं असं लिहिलंय, पण अगदीच छोटा अभ्यास. आणि आपल्याकडे बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जी मिळते तिच्यात केमिकल डाय असतो, ती सोललेल्या कातडीवर लावलीत तर उलट पोळेल. त्यापेक्षा दिल्लीच्या एम्सने केलेलं काम बघा, २०२४ मध्ये छापून आलं. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या २६४ पेशंटपैकी निम्म्यांना १ टक्का डायक्लोफिनॅक जेल हातांना लावायला दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं जेल. त्रासदायक पातळीचा हँड-फूट सिंड्रोम साध्या जेलवाल्यांत १५ टक्क्यांना झाला आणि डायक्लोफिनॅकवाल्यांत ३.८ टक्क्यांना. गुडघे दुखले की आपण जे जेल चोळतो तेच हे. आपल्याच देशात झालेलं आणि खिशाला परवडणारं, मला याचं फार कौतुक वाटतं. पण ते त्रास होऊ नये म्हणून सुरुवातीपासून लावलं होतं, फाटलेल्या जखमेवर नाही, त्यामुळे तुम्ही आधी डॉक्टरांना हात दाखवा. चार दिवस लाटणं दुसऱ्या कुणाकडे द्या, गरम पाण्यात भांडी घासू नका, घट्ट चपला नकोत. वेदना असतील, फोड असतील तर डोस थांबवावा लागतो, सहन करून काही मिळत नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर जाहिरात आलीय, 'नॅनो करक्यूमिन कोलन-टार्गेट कॅप्सूल, रक्तात १०० पट शोषण, आतड्याच्या गाठी विरघळतात'. हळदच आहे म्हणजे साइड इफेक्ट नाहीच. आईसाठी घ्यावी का? — कोल्हापूर

जाहिरात लिहिणाऱ्याने स्वतःचं वाक्य परत वाचलेलं दिसत नाही. हळदीतलं करक्यूमिन रक्तात फार कमी शोषलं जातं हे खरं, आणि नेमकं म्हणूनच ते मोठ्या आतड्यापर्यंत शिल्लक राहतं. इंग्लंडमध्ये लेस्टरला ऑपरेशनच्या आधी आठवडाभर पेशंटना रोज ३.६ ग्रॅमपर्यंत करक्यूमिन दिलं तर ते काढलेल्या आतड्यात सापडलं होतं. आता तुम्ही नॅनो करून १०० पट शोषण केलंत तर ते वरच्या वर रक्तात जाणार, मग कोलनला टार्गेट काय राहिलं? दोन्ही एकदम कसं व्हायचं?

आणि आतड्यात सापडणं वेगळं, गाठी जाणं वेगळं. आनुवंशिक आजारामुळे ज्यांच्या आतड्यात ढिगाने पॉलिप (अस्तरावर उगवणारे छोटे कोंब) होतात अशा ४४ जणांवर २०१८ मध्ये छापलेली ट्रायल आहे, वर्षभर रोज ३ ग्रॅम करक्यूमिन, आणि पॉलिपच्या संख्येत, आकारात खोट्या गोळीपेक्षा काहीही फरक पडला नाही. साइड इफेक्ट नाही हेही खरं नाही, हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, खास करून ज्यात शोषण वाढवायला मिरीतलं पायपरिन घालतात त्यात. आईची केमो चालू असेल तर लिव्हर आधीच कामात आहे. आमटीतली हळद बिनधास्त घाला, ती कॅप्सूल नको. तसंच कुणी 'ताकद येईल' म्हणून मल्टिव्हिटामिन आणून देत असेल तर त्यात फोलिक ॲसिड आहे का बघा, त्याने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो, आणि हे फार लोकांना माहीत नसतं.

प्रश्न : मॅडम, मी एम.फार्मला आहे. गाइडनी 'फाइव्ह-एफयूच्या कोलन टार्गेटेड ग्वार गम गोळ्या' हा विषय दिलाय. स्कोप आहे का? — पुणे

पेपर निघेल. स्कोपचं विचारशील तर, अरे, माझ्या ओळखीतल्या किती जणांनी हाच विषय केलाय! ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, आपल्या राजस्थानात मुबलक, स्वस्त, पाण्यात फुगतो आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू तो खातात, इथवर सगळं छान. मग दोन तास हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, तीन तास ७.४ पीएचच्या बफरमध्ये (पीएच ठरलेला ठेवणारं द्रावण), आणि शेवटी ६.८ च्या बफरमध्ये उंदराच्या सीकममधला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतला) मालमसाला घालून, वर कार्बन डायऑक्साइड सोडत डिझोल्युशन, म्हणजे गोळी विरघळण्याची चाचणी. ग्राफ सुरेख येतो, पहिले पाच तास सपाट आणि मग एकदम चढ. त्यावर लगेच 'कोलन कॅन्सरवर प्रभावी' असं निष्कर्षात ठोकून द्यायचं नाही एवढंच माझं म्हणणं. त्या ग्राफने गोळी कुठे फुटली ते दाखवलं, गाठीचं काय झालं ते नाही. आणि उंदराचं सीकम त्याच्या मानाने प्रचंड असतं, त्याचं आतडं म्हणजे माणसाच्या आतड्याची छोटी नक्कल नव्हे.

गाइड ऐकणार असतील तर औषध बदल. जिथे आतड्याच्या अस्तरातच काम आहे तिथे ही पद्धत खरी शोभते, कोलायटिसची सूज, पॉलिप होऊ नयेत म्हणून द्यायचं औषध, असलं काहीतरी. नाहीतर हे कर, जुलाब चालू असलेल्या पेशंटच्या आतड्यातली घाई बफरमध्ये कशी आणायची यावर डोकं लाव, पाच तासांऐवजी दोन तासांत गोळी पुढे गेली तर काय होतं ते मोजून बघ. ठाण्याच्या वाचकाची अख्खी बाहेर पडलेली गोळी तुझ्या थीसिसमध्ये यायला पाहिजे.

प्रश्न : सकाळची कॅपेसिटाबिन विसरले तर रात्री दोन डोस एकदम घेऊ का? — रत्नागिरी

नको. चुकला तो डोस सोडून द्या, रात्रीचा नेहमीएवढाच घ्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. सायकल संपल्यावर गोळ्या उरल्या तर त्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, हॉस्पिटलच्या फार्मसीत परत नेऊन द्या.